साळावली-कुर्डीचा एक दिवसाचा वॉक: मे महिन्यात जा, आणि गाववाले काका असतील तरच पैसे भरा

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील. पाचपैकी साडेतीन. तीन स्टार त्या जागेला आणि आम्हाला फिरवणाऱ्या काकांना, अर्धा दुपारच्या जेवणाला, आणि जे दीड कापले ते सगळे आयोजनाचे. आता सविस्तर.

गोव्यात फोंड्याकडचा एक ग्रुप आहे, वीकेंडला ट्रेक नेतात, पावसात धबधबे, उन्हाळ्यात असलं काहीतरी. नाव मुद्दाम लिहीत नाही, पोरं धडपडी आहेत आणि माझ्या चार ओळींनी कुणाचं बुकिंग पडावं असं मला वाटत नाही, शिवाय असे ग्रुप हल्ली ढीगभर झालेत आणि सगळ्यांच्या जाहिराती एकाच ठशाच्या. जाहिरात होती ‘साळावली जलाशय परिक्रमा, निसर्ग आणि इतिहास’, माणशी ९०० रुपये, त्यात मडगावहून जाणं-येणं, नाश्ता, जेवण, संध्याकाळचा चहा. आम्ही तिघं गेलो, मी, आमचे हे आणि सासूबाई. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात, त्यामुळे वयस्कर माणसांना झेपेल का असं ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी पुढे लिहिलंय.

पहिली गोष्ट, परिक्रमा वगैरे काही नाही हो. साळावली धरणाचं पाणी भरलं की २४ चौरस किलोमीटर पसरतं, त्याचे फाटे डोंगरांच्या मधे कुठे कुठे शिरलेले, आणि एका अंगाला नेत्रावळीच्या अभयारण्याचं रान. त्याला पायी वळसा घालायला सलग वाट नाही आणि असती तरी एका दिवसात नऊवारी नेसून आलेल्या काकूंसकट चाळीस माणसं कोण नेणार. प्रत्यक्षात काय असतं तर सकाळी कुर्डीला, म्हणजे जे गाव धरणाखाली गेलं आणि पाणी उतरलं की वर येतं, तिथे तळ्याच्या कोरड्या पोटात तीन-चार तास पायी, मग वाडेला, म्हणजे कुर्डीच्या लोकांना वसवलं त्या गावी, जेवण, मग गाडीने महादेवाचं देऊळ आणि शेवटी धरण आणि खालची बाग. हा प्लॅन उत्तमच आहे, खरं सांगायचं तर परिक्रमेपेक्षा बराच, मग तसंच लिहा ना जाहिरातीत! ‘परिक्रमा’ वाचून बाणवलीची दोन पोरं ट्रेकिंग पोल, हायड्रेशन बॅग वगैरे सरंजाम घेऊन आली होती, त्यांचे चेहरे बघवत नव्हते.

गाडी सहाला सुटणार होती, सुटली साडेसातला. कारण काय तर पणजीहून येणारी कुणीतरी मंडळी वाटेत होती. पावसात तास-दीड तास इकडेतिकडे झाला तर मी बोलणार नाही, पण मे महिन्यात सांगे तालुक्यात नऊनंतर उघड्यावर चालणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याने आयोजक म्हणून उशिरा येणाऱ्याला मागे ठेवून गाडी हलवायला पाहिजे. तिथे सावली नाही. अजिबात नाही. झाडं ३०-४० वर्षांपूर्वीच पाण्याखाली मेली, उरलेत ते खुंट, आणि खुंटाची सावली खुंटाएवढीच. आम्ही पायी चालायला लागलो तेव्हा पावणेदहा झाले होते आणि त्या सव्वातीन तासांत बाकी सगळं आवडूनसुद्धा मी मनातल्या मनात पणजीच्या त्या मंडळींचा उद्धार करत होते.

नाश्ता वाटेत, तिळामळच्या अलीकडे एका छोट्या हॉटेलात. पातळ भाजी, पाव, मिरची भजी, चहा. भाजी गरम, पाव ताजे, आणखी काय पाहिजे. पण चाळीस माणसं एकदम उतरली की त्या बिचाऱ्या हॉटेलवाल्याची तारांबळ होते, आधी फोन करून ठेवला असता तर अर्धा तास वाचला असता. जाहिरातीत ‘जास्तीत जास्त वीस जणांची बॅच’ असं होतं हे जाता जाता सांगून ठेवते.

तिथून झांबावलीवरून (दामोदराला गाडीतूनच हात जोडले, थांबलो नाही, सासूबाई तेवढ्यापुरत्या फुगल्या) रिवणच्या बाजूने आत. रस्ता सुंदर आहे, काजूची रानं, मधेच लाल धूळ बसलेली झाडं, ती खाणींची. मग डांबर संपतं, कच्चा रस्ता लागतो आणि एकदम समोर उघडं पडतं ते. पहिल्यांदा बघणाऱ्याला काय आहे ते कळतच नाही. दोन्ही बाजूला हिरवे डोंगर आणि मधे सगळं राखाडी-तपकिरी, भेगाळलेलं, आणि दूर खाली पाण्याची एक पट्टी. हिरवळ ज्या उंचीला थांबते तिथे सगळ्या डोंगरांना एकाच पातळीवर रेघ मारलेली दिसते, ती भरलेल्या पाण्याची खूण. म्हणजे आपण उभे आहोत तिथे ऑगस्टमध्ये डोक्यावर कितीतरी पुरुष पाणी असतं. ही रेघ दिसली की मगच त्या जागेचा अंदाज येतो, ती बघायला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

आता काकांबद्दल. ग्रुपच्या पोरांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली ती ही की वाडेला राहणाऱ्या एका गाववाल्या काकांना बरोबर घेतलं. वय सत्तरीच्या पुढे, पायात साध्या रबरी चपला, डोक्यावर टॉवेल, आणि चालण्यात आम्हा सगळ्यांना मागे टाकतील असे. त्यांचा जन्म कुर्डीचा. पोरांकडे माईक आणि छापील माहिती होती, त्यातलं निम्मं इंटरनेटवरचं, काकांकडे काहीच नव्हतं, ते नुसते चालत होते आणि मधेच थांबून काठीने दाखवत होते. हा कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागेचा, बांध. ही पाण्याची पाट. ही वाट चॅपलकडे जाते. ‘जाते’ म्हणत होते, ‘जायची’ नाही.

एका जोत्याशी थांबले. जांभ्याच्या चिऱ्यांची गुडघाभर भिंत उरलेली, आत गाळ, गाळात पांढऱ्या शिंपल्यांचा चुरा. काकांनी चपलेने एका जागचा गाळ बाजूला केला तर खाली उंबऱ्याचा दगड, आणि त्याच्या एका टोकाला मुठीएवढा गोल खळगा, दाराचं खालचं टोक ज्यात फिरायचं तो. दार गेलं, चौकट गेली, घर गेलं, खळगा तेवढा गुळगुळीत आहे अजून. काकांनी त्यात बोट घालून आतला गाळ काढला आणि पुढे होऊन म्हणाले, ‘पळय बाय, हांगा आमची रांदचीकूड आशिल्ली’, म्हणजे बघ बाई, इथे आमचं स्वयंपाकघर होतं. पलीकडे वाकून बघितलं तर खरंच चुलीची जागा कळत होती. कुणीतरी विचारलं काका वाईट वाटतं का, तर म्हणाले आता दर वर्षी येतो, साफ करून जातो, पाणी परत येतं आणि परत घाण करतं. एवढंच. आणि पुढे चालू लागले.

ज्यांना मागची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोवा मुक्त झाला १९६१ ला, त्यानंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः कुर्डीला आले आणि गावकऱ्यांना सांगितलं की इथे धरण होणार, सगळ्या दक्षिण गोव्याला त्याचं पाणी मिळणार, तुम्हाला गाव सोडावं लागेल. गाव काही लहानसहान नव्हतं, जवळजवळ ३००० वस्ती, हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळे, देवळं, चॅपल, दर्गा, भातशेती, माड, काजू, आंबे, फणस. ६०० च्या वर कुटुंबांना वाडे आणि वालकिणी इथे जमिनी दिल्या, नुकसानभरपाई दिली, आणि १९८६ च्या सुमारास पाणी चढलं. नदी तीच, साळावली, पुढे जुवारीला मिळते. काका म्हणाले की भाऊसाहेब आले तेव्हा ते लहान पोर होते आणि त्यांना आठवते ती फक्त गाडी, कारण गावात गाडी येणं हीच बातमी. मला हे आवडलं, उगाच भाषण ऐकल्याचा आव आणला नाही.

सासूबाई आल्या होत्या त्या मात्र धरणासाठी नाही न् पाण्यासाठी नाही, मोगूबाईंसाठी. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर, जन्म १९०४, इथल्याच. लहानपणी नाटक मंडळीत, मग सांगलीत असताना अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर तिचा आवाज पडला आणि पुढे जयपूर घराण्याचं केवढं मोठं नाव झालं, १९७४ ला पद्मभूषण, आणि लेक किशोरीताई आमोणकर, आता त्यांच्याबद्दल आम्ही काय लिहायचं. सासूबाईंच्या घरी जुन्या कॅसेट आहेत, टेप कुठल्या कुठे घासलेल्या, तरी टाकू देत नाहीत. त्यांना एवढंच बघायचं होतं की ‘कुर्डीकर’मधली कुर्डी कशी असते. मोगूबाईंचं घर नक्की कुठलं यावर काकांचं आणि तिथेच भेटलेल्या दुसऱ्या एका गाववाल्याचं जमेना, एक म्हणतो त्या बाजूला, दुसरा म्हणतो छे छे ओहोळाच्या अलीकडे, दोघंही हातातल्या काठ्या दोन दिशांना धरून उभे. सासूबाईंनी दोन्हीकडे नमस्कार करून विषय मिटवला. आणि मग हळूच गुणगुणायला लागल्या, काय ते मला कळलं नाही, मला रागबीग कळत नाहीत, पण ग्रुपमधल्या एकाने नेमका त्याच वेळी ब्लूटूथ स्पीकरवर रीलचं गाणं लावलं.

स्पीकरबद्दल एकदा बोलूनच घेते. मी काही जुन्या वळणाची नाही, फोटो मीही काढले, पण जिथे माणसं वर्षातून एकदा आपल्या घराच्या जोत्यावर येतात, फुलं वाहतात, तिथे स्पीकर, ड्रोन आणि ‘गाईज, वी आर ॲट द घोस्ट व्हिलेज’ हे सगळं बघून आयोजकांनी एक शब्द बोलू नये? ड्रोन तर थेट सोमेश्वराच्या घुमटीवर घिरट्या घालत होता. सोमेश्वराचं छोटं देऊळ तिथे अजून उभं आहे, दर वर्षी पाण्याखाली जातं, दर वर्षी बाहेर येतं, आणि मे महिन्यात तिथे उत्सव होतो, गाववाले जिथे कुठे असतील तिथून येतात. तसंच चॅपलच्या फेस्तालाही, म्हणजे सणालाही. तुम्ही उत्सवाच्या दिवशी गेलात तर गर्दी मिळेल पण गावही मिळेल, ती गर्दी गाववाल्यांची असते, आमच्यासारख्यांची नाही. आम्ही गेलो त्या दिवशी घुमटीत ताजी फुलं होती आणि विझलेली समई. आणि पाण्याच्या कडेला बिअरच्या बाटल्या, हेही लिहिलं पाहिजे. आमच्या ग्रुपच्या नव्हत्या, पण होत्या.

चालण्याबद्दल. चढ-उतार फारसा नाही, सासूबाई बऱ्यापैकी चालल्या, मधे दोनदा जोत्यावर बसल्या, शेवटचा टप्पा हे त्यांचा हात धरून घेऊन आले. गुडघ्यांपेक्षा ऊन जड गेलं. छत्री न्या, टोपीने भागत नाही, आणि पाणी माणशी दोन लिटर तरी, कारण आयोजकांनी दिलेली अर्ध्या लिटरची बाटली पहिल्या तासातच संपते. बूट असले तर बरे, पण मुख्य लक्ष ठेवायचं ते पाण्याच्या कडेला. वरून गाळ टणक, भेगा पडलेला, बिनधास्त चालावंसं वाटतं, आणि कडेला गेलं की तोच गाळ आतून ओला असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. त्या बाणवलीच्या पोरांपैकी एकाचा गेला, बूट आतच राहिला, काकांनी काठीने खणून काढून दिला. वळवाचा पाऊस आदल्या दिवशी पडून गेला असेल तर खाली उतरूच नका, कच्च्या रस्त्यावर गाडी रुतते ती वेगळी.

बायकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कुर्डीला टॉयलेट नाही, आडोसाही नाही, सगळं उघडं मैदान. नाश्त्याच्या हॉटेलानंतर थेट वाडेलाच सोय. हे आयोजकांनी निघताना सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, आणि मी विचारलं तर तो पोरगा असा काही लाजला की मलाच अवघडल्यासारखं झालं. चाळीसमधल्या निम्म्या बायका होत्या, हो. पुढच्या बॅचला तरी सांगा रे बाबांनो.

मग जेवण. वाडेला काकांच्याच शेजारच्या एका घरी सोय होती, अंगणात मांडव घातलेला, खाली चटया. भात, कुळथाचा सार, फणसाची भाजी, सुकी चवळी, घोटांचं (छोट्या रानटी आंब्यांचं) सासव, पापड आणि सोलकढी. सासव! आमच्याकडे मडगावात हल्ली घोटं मिळतात तीसुद्धा एवढ्या भावाने की सासव करावं की दागिना घ्यावा असं होतं, आणि इथे मोठ्या टोपात, मोहरी नाकात जाईल अशी वाटलेली, घोटं सालीसकट, गूळ बेताचा. मी तीनदा घेतलं. ज्यांना मासे पाहिजे होते त्यांची निराशा झाली पण मला तरी कमतरता वाटली नाही. पुरुषमंडळींपैकी काहींनी मागच्या दाराने हुर्राकची, म्हणजे काजूच्या दारूची, चौकशी केली, मिळाली की नाही ते हे सांगत नाहीत. घरातल्या वहिनी वाढताना हसत होत्या, दमल्या होत्या, चाळीस पानांचा स्वयंपाक दोघींनी केला होता. अंगणाच्या कडेला दोन निळी पिंपं भरलेली, हात धुवायला तांब्याने त्यातलं पाणी. मी नळ उघडायला गेले तर वहिनी म्हणाल्या नळाला आता येत नाही, सकाळी थोडा वेळ येतं, तेव्हा भरून ठेवतो. आमच्या मडगावच्या घरी नळाला जे येतं ते साळावलीचंच, शेळपेंच्या पाणी शुद्ध करायच्या प्लांटमधून. मी तांब्या अर्धाच घेतला.

माणशी ९०० मधले त्या घराला किती मिळाले हे विचारायची माझी इच्छा होती, ह्यांनी डोळे वटारले म्हणून गप्प बसले.

दुपारनंतरचा भाग थोडक्यात आटोपते कारण आयोजकांनीही तो आटोपलाच. कुर्डीचं महादेवाचं देऊळ, कदंबकाळातलं, हजारेक वर्षांचं, ते बुडणार म्हणून पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून मूळ जागेपासून १७ किलोमीटरवर, धरणाजवळ आणून परत जसंच्या तसं उभं केलं. ही गोष्ट गोव्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही, मला नव्हती. देऊळ छोटं आहे, आपल्याकडच्या देवळांसारखं रंग, दीपमाळ, टाइल्स काही नाही, नुसता दगड. जवळ जाऊन सांधे बघा, एका दगडाची कड दुसऱ्याला कशी बसवली आहे ते, आणि मधेच एखादा दगड रंगाने वेगळा दिसतो. शांत होतं, माणूस नव्हता, आणि आम्हाला तिथे दिली फक्त पंधरा मिनिटं! सकाळचा दीड तास वाया घालवला तो इथून कापला. सकाळभर तो मोकळा गाव बघून आल्यावर हे देऊळ बघायचं, हाच तर ह्या प्लॅनचा जीव आहे, जे पाण्याखाली राहिलं ते आणि जे उचलून आणलं ते, दोन्ही एकाच दिवसात. तिथे काकांना बोलतं करायला हवं होतं तर काकांना आयोजकांनी जेवणानंतर घरीच सोडलं. कुर्डीची ती जांभ्यातली मोठी मातृदेवतासुद्धा अशीच उचलून वेर्ण्याला नेली, तिचा तर उल्लेखही झाला नाही, मीच गाडीत दोघातिघांना सांगितलं.

आणि धरण. मे महिन्यात धरण बघायला मजा नाही असं सगळे म्हणतात, मला तरी आली. साळावली म्हणजे बहुतेक मातीचं धरण, मधे दगडी बांधकाम, लांबी १००४ मीटर, उंची ४२.७ मीटर. पण लोक जातात ते सांडव्यासाठी, ज्याला सगळे डकबिल म्हणतात. त्याला दारं नाहीत. पाणी भरलं की आपोआप काठावरून सांडतं, माणसाने चाक फिरवायची गरज नाही. तो काठ सरळ न ठेवता आत तळ्याकडे वळवून गोल केलेला, अर्ध्या विहिरीसारखा, त्यामुळे थोड्याच रुंदीच्या जागेत सांडायला खूप लांब काठ मिळतो आणि जास्त पाणी निघून जातं, तळ्याची पातळी फार न चढता. हे आमच्या ह्यांनी समजावलं, ते सिव्हिलवाले. पावसात त्यात पाणी चहूबाजूंनी कोसळतं तेव्हा फक्त पांढरं दिसतं, कसं बनवलंय ते कळत नाही. मे महिन्यात तो कोरडा असतो आणि तेव्हा त्याची वळणं, वरचा काठ, खालचा उतार सगळं उघडं दिसतं. ज्यांना अशा गोष्टींत रस आहे त्यांनी मुद्दाम बघावं, ज्यांना फोटो पाहिजे त्यांनी जुलैनंतर जावं. धरणाच्या माथ्यावर सोडतीलच असं धरून जाऊ नका. खालची बाग ठीक आहे, मुलांना पळायला जागा, तिकीट किरकोळ, झाडांना पाट्या आहेत. चहा मिळाला तो गोड पाण्यासारखा, पण तोवर कुणाला काही बोलायची ताकद नव्हती.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही ती पोरांच्या माहितीपत्रकातली. त्यात ‘गोव्याचं ऐतिहासिक धरण’ असं मोठ्या अक्षरात. अहो, ह्या धरणाचं काम चाललं तेव्हा माझा जन्म झालेला. गोव्यात पाणी अडवायचं जुनं काम बघायचं असेल तर खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनींचे, बांध बघा, मानशी बघा, भरती-ओहोटीबरोबर उघडमीट होणारी ती लाकडी दारं, कित्येक पिढ्या गावकरी सांभाळत आले. इथे ऐतिहासिक जे आहे ते धरणाच्या पोटात आहे, भिंतीत नाही. ‘ऐतिहासिक’ आणि ‘परिक्रमा’ हे दोन शब्द काढून टाकले आणि ‘कुर्डी’ मोठ्या अक्षरात लिहिलं तरी ह्यांचं बुकिंग वाढेल असं माझं मत.

तर कुणी जावं. पावसाळ्यात नुसतं धरण, डकबिल आणि बाग बघायला ग्रुपबिपची काही गरज नाही, मडगावहून सावर्डे-कुडचडे-सांगे असे स्वतःच्या गाडीने जा, सांग्यापासून पाचेक किलोमीटर, येताना महादेवाचं देऊळ करा, निवांत तासभर बसा, पेट्रोल आणि बागेचं तिकीट सोडलं तर खर्च नाही. कुर्डीला मात्र मे महिन्यातच, आणि तेही मेच्या शेवटाकडे, पहिला पाऊस यायच्या आत, शिवाय पाणी किती उतरलंय हे दर वर्षी सारखं नसतं, आदल्या आठवड्यात चौकशी करूनच निघा. लहान मुलांना ह्या उन्हात नेऊ नका. म्हातारी माणसं चालणारी असतील तर जरूर न्या, तिथे जास्त बघतात ती तीच.

आणि ह्या किंवा कुठल्याही ग्रुपकडे पैसे भरण्याआधी फोनवर विचारून घ्या: कुर्डीत जन्मलेला माणूस बरोबर येणार आहे का, तो देवळापर्यंत राहणार का, गाडी खरंच सहाला सुटणार का, आणि बॅच किती जणांची. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर ९०० रुपये भरू नका, त्यापेक्षा थेट वाडेला जाऊन कुणालाही विचारा, काका लोक बरेच आहेत, जेवणाचंही तिथेच ठरवा आणि पैसे त्यांच्याच हातात द्या.